युद्धकाळातील चिलखती जहाजे आणि त्यांचा पैसा: अमेरिकन यादवी युद्धाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजूंनी लोखंडी चिलखत चढवलेली जहाजे बांधली. या जहाजांच्या लढायांविषयी भरपूर वाचायला मिळते, पण ती कोणी, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या पैशाने बांधली हा भाग बहुधा तळटीपेत राहतो. आमच्या मते तोच भाग समजून घेण्याजोगा आहे, कारण कंत्राटातील अटी, हप्त्यांच्या तारखा आणि नोटांची घसरती किंमत यांनी या जहाजांचे भवितव्य तोफांइतकेच ठरवले.

चिलखती जहाज म्हणजे नेमके काय, आणि ते याच युद्धात प्रथम आले का?

लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर जाड लोखंडी पत्र्यांचे कवच चढवलेली आणि वाफेवर चालणारी युद्धनौका म्हणजे चिलखती जहाज, म्हणजेच आयर्नक्लॅड. अमेरिकेने ते प्रथम बांधले असे नाही. क्रिमियन युद्धात, ऑक्टोबर १८५५ मध्ये, फ्रेंचांनी किनबर्नच्या किल्ल्यासमोर तीन चिलखती तरते तोफखाने उभे केले होते. त्यानंतर फ्रान्सने ‘ग्लुआर’ आणि ब्रिटनने ‘वॉरियर’ ही समुद्रगामी जहाजे शांततेच्या काळात, सवडीने बांधली. अमेरिकेत मात्र हे काम लढाई चालू असताना, तिजोरी रिकामी असताना आणि शत्रूही तेच बांधतो आहे अशी बातमी रोज येत असताना करावे लागले.

उत्तरेच्या सरकारने पहिल्या जहाजांसाठी किती पैसा मंजूर केला?

३ ऑगस्ट १८६१ च्या कायद्याने काँग्रेसने पंधरा लाख डॉलर मंजूर केले आणि आराखडे तपासण्यासाठी तीन नौदल अधिकाऱ्यांचे मंडळ नेमण्याची तरतूद केली. जोसेफ स्मिथ, हायरम पॉल्डिंग आणि चार्ल्स डेव्हिस या तिघांनी आलेल्या प्रस्तावांमधून तीन निवडले. फिलाडेल्फियाच्या मेरिक कंपनीचे ‘न्यू आयर्नसाइड्स’ ७,८०,००० डॉलरचे होते, ‘गलीना’ २,३५,२५० डॉलरचे आणि जॉन एरिक्सनचे ‘मॉनिटर’ २,७५,००० डॉलरचे. तिन्हींची बेरीज मंजूर रकमेच्या आत बसत होती. तीन वेगळ्या कल्पनांवर एकदम पैसा लावण्याचा निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटतो, कारण यातले कोणते चालेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ‘गलीना’चे पातळ कवच मे १८६२ मध्ये ड्रूरीज ब्लफ येथील दक्षिणेच्या तोफांपुढे टिकले नाही. ‘न्यू आयर्नसाइड्स’ मात्र युद्ध संपेपर्यंत उपयोगी पडले.

‘मॉनिटर’च्या कंत्राटात एवढे विशेष काय होते?

४ ऑक्टोबर १८६१ ला झालेल्या या कंत्राटात सरकारने जवळजवळ सगळी जोखीम बांधणाऱ्यांच्या गळ्यात घातली होती. जहाज शंभर दिवसांत द्यायचे होते. प्रत्येक ५०,००० डॉलरचे काम झाल्यावर बिल करायचे, पण त्यातले २५ टक्के सरकार राखून ठेवणार होते आणि जहाज कसोटीला उतरल्यावरच ते देणार होते. जहाज फसले तर आधी घेतलेले हप्तेसुद्धा परत करायचे, असे कलम त्यात होते. एरिक्सनकडे डोके होते, पण भांडवल नव्हते. म्हणून कॉर्नेलियस बुशनेल, जॉन विन्स्लो आणि जॉन ग्रिसवोल्ड हे तीन व्यावसायिक भागीदार झाले. यांपैकी विन्स्लो आणि ग्रिसवोल्ड हे ट्रॉय भागातले लोखंड कारखानदार होते.

हप्त्यांचा हिशेब मुद्दाम देतो, कारण तो बोलका आहे. नोव्हेंबर १८६१ च्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ३७,५०० डॉलरचे पाच हप्ते मिळाले, म्हणजे १,८७,५०० डॉलर. मार्चच्या सुरुवातीला १८,७५० डॉलर आले. उरलेले ६८,७५० डॉलर सरकारकडे राखीव होते. ९ मार्च १८६२ ला हॅम्पटन रोड्स येथे ‘मॉनिटर’ने दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती जहाजाला थोपवून धरले आणि १४ मार्चला ही राखीव रक्कम अदा झाली. याचा अर्थ असा की जगभर गाजलेली ती लढाई ज्या जहाजाने केली, त्या जहाजाचे पूर्ण पैसे लढाईच्या दिवशी चुकते झालेले नव्हते.

कंत्राटात शिडे आणि डोलकाठ्या हव्यात असेही लिहिले होते. एरिक्सनने ती अट सरळ बाजूला ठेवली आणि जहाज वाफेवरच चालवले. शंभर दिवसांची मुदतही पाळली गेली नाही, कारण कंत्राटापासून नौदलात दाखल होईपर्यंत १४४ दिवस लागले. तरीही सरकारने पूर्ण रक्कम दिली, आणि ते योग्यच झाले.

एवढ्या कमी वेळात जहाज बांधले कसे?

काम वाटून घेऊन. सांगाडा ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट येथे थॉमस रोलंडच्या कॉन्टिनेंटल आयर्न वर्क्समध्ये उभा राहिला आणि त्याची मजुरी पौंडाला साडेसात सेंट अशी वजनावर ठरली. इंजिन डेलामेटरच्या कारखान्यात तयार झाले. फिरता बुरूज, म्हणजे तोफा ठेवण्याचे गोल फिरणारे घर, मॅनहॅटनमधील नॉव्हेल्टी आयर्न वर्क्सने बनवला. या बुरुजाचा आतला व्यास २० फूट होता आणि एकेक इंचाच्या पत्र्यांचे आठ थर एकावर एक बसवून त्याची भिंत केली होती. आठ इंचांचा एकसंध पत्रा लाटण्याची सोय अमेरिकेत नव्हती, म्हणून थरांवर थर द्यावे लागले. पुढे तोफगोळा आपटला की थर जोडणारे बोल्ट आतल्या बाजूला उडून खलाशांना जखमी करत, ही या तडजोडीची किंमत होती. २५ ऑक्टोबरला कणा बसला आणि ३० जानेवारी १८६२ ला जहाज पाण्यात उतरले.

नद्यांवरची चिलखती जहाजेही नौदलानेच बांधून घेतली का?

नाही, ती लष्कराच्या, म्हणजे युद्ध खात्याच्या पैशाने झाली. मिसिसिपी खोऱ्यातील मोहिमेसाठी सेंट लुईसचा जेम्स ईड्स याच्याशी ७ ऑगस्ट १८६१ ला सात जहाजांचे कंत्राट झाले. प्रत्येकी ८९,६०० डॉलर आणि मुदत ६५ दिवस. बुडालेल्या बोटींतला माल नदीच्या तळातून काढण्याच्या धंद्यात ईड्सने नाव आणि पैसा दोन्ही कमावले होते. त्याने कॅरोंडेलेट आणि माउंड सिटी या दोन ठिकाणी एकाच वेळी काम सुरू केले. लाकूड एका राज्यातून, पत्रे दुसऱ्यातून, इंजिने तिसऱ्या ठिकाणाहून, अशी जुळवाजुळव तारेवरून निरोप पाठवून चालली होती आणि कामगार रात्रीही राबत होते.

अडचण आली ती पैशाची. सरकारचे हप्ते वेळेवर येईनात, तेव्हा ईड्सने स्वतःची पुंजी आणि मित्रांकडून घेतलेले पैसे कामात घातले. पहिले जहाज ऑक्टोबरच्या मध्यास पाण्यात उतरले, पण सगळी जहाजे सेवेत येण्यास जानेवारी १८६२ उजाडला. उशीर झाला हे खरे, पण सरकारने पैसे थकवल्यानेही तो वाढला होता, हे ईड्सच्या बाजूने सांगायलाच हवे. ६ फेब्रुवारीला यांतील काही जहाजांनी फोर्ट हेन्री घेतला, तेव्हा ती अजून खऱ्या अर्थाने सरकारच्या मालकीची झालेली नव्हती, असे ईड्स पुढे सांगत असे. ऑक्टोबर १८६२ मध्ये हा ताफा लष्कराकडून नौदलाकडे गेला.

दक्षिणेकडे कारखाने नव्हते, मग तिने जहाजे कशी बांधली?

कारखाने अगदीच नव्हते असे नाही, पण फार थोडे होते. दक्षिणेचा नौदल मंत्री स्टीफन मॅलरी याने मे १८६१ मध्येच मांडले होते की संख्येत आपण उत्तरेची बरोबरी करू शकणार नाही, म्हणून अभेद्य जहाजांवर भर द्यावा. विचार बरोबर होता, पण तो पेलण्याएवढे लोखंड दक्षिणेपाशी नव्हते.

गॉस्पोर्ट गोदी सोडताना उत्तरेच्या नौदलाने ‘मेरिमॅक’ हे जहाज जाळून बुडवले होते. दक्षिणेने ते वर काढले आणि त्याचेच पुढे ‘व्हर्जिनिया’ झाले. ते पूर्वीसारखे लाकडी करायचे तर साडेचार लाख डॉलर लागतील आणि चिलखती करायचे तर १,७२,५२३ डॉलर, असा हिशेब मॅलरीने जुलै १८६१ मध्ये दिला. जळका सांगाडा आणि इंजिन फुकटात मिळाले होते, म्हणून हा आकडा एवढा कमी दिसतो. कवचासाठी रिचमंडच्या ट्रेडेगर आयर्न वर्क्सवर भिस्त होती. सुरुवातीला एक इंची पत्रे ठरले होते, पण चाचणीत ते अपुरे ठरल्यावर दोन इंचांचे लाटण्यासाठी कारखान्यालाच यंत्रे बदलावी लागली. कच्चे लोखंड कमी पडू लागले तेव्हा रेल्वेचे जुने रूळ उखडून वापरले गेले. इथे दक्षिणेची कोंडी स्पष्ट दिसते. जहाजासाठी रूळ काढले तर तेच पत्रे वाहून नेणारी गाडी धावणार कशावरून?

‘आर्कान्सा’ हे जहाज याचे उत्तम उदाहरण आहे. मेम्फिसचा जॉन शर्ली याने अशा दोन जहाजांचे प्रत्येकी ७६,९२० डॉलरचे कंत्राट घेतले आणि ती डिसेंबर १८६१ पर्यंत द्यायची कबूल केली. सुतार मिळेनात, कारण ते लष्करात भरती झाले होते. शहर पडण्याची वेळ आली तेव्हा एक जहाज जाळावे लागले आणि दुसरे अर्धवट अवस्थेत याझू नदीत ओढून नेऊन आयझॅक ब्राउन या अधिकाऱ्याने रेल्वेच्या रुळांचे कवच चढवून पुरे केले. १५ जुलै १८६२ ला ते व्हिक्सबर्गजवळ उत्तरेच्या संपूर्ण ताफ्यातून आरपार गेले. महिन्याच्या आत इंजिन बंद पडल्याने ते त्याच्याच खलाशांनी पेटवून दिले.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वह्यांत दिसते आणि ती गाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. दक्षिणेतील लोखंड कारखान्यांत, खाणींत आणि गोद्यांत गुलाम माणसे भाड्याने घेतली जात आणि ते भाडे त्यांच्या मालकांना मिळे. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्याच्या नावावर जमा होणारी रक्कम नव्हतीच.

बायकांनी वर्गणी काढून जहाजे बांधली हे खरे आहे का?

होय. १८६२ च्या वसंतात दक्षिणेच्या बंदर शहरांत ‘लेडीज गनबोट’ नावाने संस्था निघाल्या. चार्ल्सटनमध्ये ‘पाल्मेटो स्टेट’ला या वर्गणीचा आधार मिळाला. दागिने, चांदीची भांडी, रजया लिलावात निघाल्या. सव्हानाच्या ‘जॉर्जिया’साठी सुमारे १,१५,००० डॉलर जमले.

‘जॉर्जिया’ची कहाणी मात्र दुःखद आहे. रुळांच्या कवचाच्या वजनापुढे तिचे इंजिन इतके दुबळे ठरले की तिला नदीत नांगरून तरता तोफखाना म्हणून वापरावे लागले. डिसेंबर १८६४ मध्ये शहर सोडताना दक्षिणेनेच तिला बुडवले. देणाऱ्यांच्या श्रद्धेत उणे काही नव्हते, पण ताकदीचे सागरी इंजिन बनवू शकणारा कारखाना वर्गणीतून उभा राहत नाही.

उत्तरेच्या सरकारकडे एवढा पैसा आला कुठून?

कर, कर्ज आणि नोटा या तिन्हींतून. ३० डिसेंबर १८६१ ला बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. कोषमंत्री सॅमन चेस यांच्यापुढे कंत्राटदारांची बिले साचत होती. २५ फेब्रुवारी १८६२ ला लीगल टेंडर कायद्यावर सही झाली आणि सोन्याचा आधार नसलेल्या, पण स्वीकारणे बंधनकारक असलेल्या पंधरा कोटी डॉलरच्या नोटा छापण्याचा मार्ग मोकळा झाला. हिरव्या रंगामुळे त्यांना ग्रीनबॅक नाव पडले. योगायोग असा की ‘मॉनिटर’ नौदलात दाखल झाले ते याच दिवशी. पुढे अशा नोटांची मंजूर मर्यादा ४५ कोटींवर गेली.

त्याशिवाय जे कुक या सावकाराने सरकारी रोखे थेट सामान्य माणसापर्यंत नेले. शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांनी ते घेतले आणि ‘फाइव्ह-ट्वेंटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोख्यांची विक्री पन्नास कोटी डॉलरवर गेली. आयकरही याच युद्धात अमेरिकेत प्रथम आला.

मार्च १८६२ पासून सरकार कंत्राटदारांना रोखीऐवजी एक वर्ष मुदतीचे, सहा टक्के व्याजाचे देणे-दाखलेही देऊ लागले. ज्याला शनिवारी कामगारांची मजुरी चुकवायची आहे त्याला वर्षभर थांबता येत नसे, म्हणून तो दाखला बाजारात सवलतीने विकून मोकळा होई. कंत्राटातला आकडा आणि हातात पडलेला पैसा यांत असा फरक पडत गेला.

म्हणजे जहाज बांधणाऱ्यांनी युद्धात भरमसाट नफा कमावला हा समज चुकीचा आहे का?

पहिल्या जहाजांपुरता तो खरा आहे. ‘मॉनिटर’च्या भागीदारांना सुमारे ८०,००० डॉलर नफा झाला, म्हणजे खर्चावर चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर ‘मॉनिटर’च्याच धर्तीवर बांधलेल्या पसेइक वर्गातील दहा जहाजांना प्रत्येकी चार लाख डॉलर ठरले. त्यांचे कंत्राटही भाव फार चढण्याआधीचे होते.

मात्र सप्टेंबर १८६२ च्या सुमारास आणि नंतर ज्यांनी कंत्राटे घेतली त्यांची गोष्ट निराळी आहे, आणि ती कमी सांगितली जाते. त्यांनी ४,६०,००० डॉलर अशी ठोक किंमत मान्य केली होती. भाववाढीनुसार रक्कम वाढवण्याचे कलम त्यात नव्हते. ७ एप्रिल १८६३ ला चार्ल्सटनवर नऊ चिलखती जहाजांनी हल्ला केला आणि तो फसला. गोळ्यांच्या माऱ्याने बुरूज अडकले, बोल्ट उडाले, सुकाणूघरांना भेगा गेल्या आणि ‘कीओकक’ दुसऱ्या दिवशी बुडाले. या अनुभवावरून न्यूयॉर्कमधील नौदलाच्या कार्यालयाने बांधकाम चालू असलेल्या जहाजांत सुधारणांचा सपाटाच लावला. जोडलेले काढा, जाड पत्रे बसवा, बुरुजाच्या पायाला कडे घाला, नवे आराखडे येईपर्यंत थांबा. सैनिकांचा जीव वाचवणाऱ्या या सुधारणा आवश्यक होत्या, यात शंका नाही. पण प्रत्येक सुधारणेने काम लांबले आणि लांबलेल्या प्रत्येक महिन्यात लोखंड, कोळसा आणि मजुरी महागली. जुलै १८६४ मध्ये शंभर डॉलर सोन्यासाठी सुमारे २८५ डॉलरच्या नोटा मोजाव्या लागत होत्या. १८६२ च्या भावाने घेतलेले काम १८६४ च्या भावाने पुरे करणाऱ्याचे काय झाले असेल हे सांगायला नको.

सिनसिनाटी आणि पिट्सबर्गच्या कारखानदारांना याचा सर्वांत जास्त फटका बसला. समुद्री जहाजांचा त्यांना अनुभव नव्हता, आणि ओहायो नदीचे पाणी उन्हाळ्यात उतरले की तयार सांगाडाही हलवता येत नसे. त्यांची जहाजे युद्धाच्या उपयोगी पडलीच नाहीत. त्यांपैकी दोन पुढे पेरूला विकली गेली. नुकसानभरपाईचे दावे काँग्रेसपुढे आणि सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात कित्येक दशके रेंगाळले. आमचे मत स्पष्ट आहे. बदल सांगणाऱ्याने बदलाची किंमत त्याच वेळी लिहून द्यायला हवी होती.

उथळ पाण्यासाठी बांधलेली वीस जहाजे वाया गेली ती का?

कॅस्को वर्गातील ही जहाजे एरिक्सनच्या साध्या कल्पनेवर आधारलेली होती, पण नौदलाचा मुख्य निरीक्षक आल्बन स्टायमर्स याच्या कार्यालयात त्या आराखड्यात पाण्याच्या टाक्या, पंप आणि नळ यांची भर पडत गेली. वजनाची बेरीज कोणी नीट तपासली नाही. पहिले जहाज पाण्यात उतरले तेव्हा बुरूज आणि दारूगोळा नसतानाही त्याचा डेक पाण्याच्या जेमतेम वर राहिला. एकाची चाचणी होण्याआधी विसांची कंत्राटे दिली होती, हा मूळ दोष. काहींचे डेक २२ इंच उंचावले, काही बुरुजाविना सुरुंगनौका म्हणून वापरल्या.

दक्षिणेने इंग्लंड आणि फ्रान्समध्ये जहाजे बांधून घेण्यासाठी पैसा कसा उभारला?

कापसावर. १८६३ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या अर्लांजे पेढीमार्फत तीस लाख पौंडांचे सात टक्के व्याजाचे रोखे विकायला काढले गेले. रोखेधारकाला पैशाऐवजी पौंडभर वजनाला सहा पेन्स या भावाने कापूस मागता येत होता. लिव्हरपूलला तेव्हा कापसाचा भाव याच्या तिपटीहून अधिक होता, त्यामुळे रोखे हातोहात खपले. अडचण एवढीच होती की कापूस दक्षिणेत जाऊन ताब्यात घ्यायचा आणि उत्तरेच्या नाकेबंदीतून बाहेर काढायचा. जुलैत गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथील दक्षिणेच्या पराभवाच्या बातम्या आल्या आणि रोखे कोसळले.

जेम्स बुलक या दक्षिणेच्या प्रतिनिधीने १८६२ मध्येच बर्कनहेडच्या लेअर्ड गोदीत प्रत्येकी ९३,७५० पौंडांची दोन चिलखती जहाजे मागवली होती. ती इजिप्तसाठी आहेत असे भासवले गेले. ५ सप्टेंबर १८६३ ला अमेरिकेचे ब्रिटनमधील राजनैतिक प्रतिनिधी चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स यांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांना ही जहाजे सुटली तर ते युद्धच ठरेल असे लिहून कळवले. ब्रिटिश सरकारने ती जप्त केली आणि पुढे स्वतःच्या नौदलासाठी विकत घेतली. फ्रान्समध्ये बांधलेले ‘स्टोनवॉल’ तेवढे दक्षिणेच्या हाती पडले, पण ते मे १८६५ मध्ये हवानाला पोहोचेपर्यंत युद्ध संपले होते. नंतर ते जपानने घेतले.

या सगळ्याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्या खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. कापूस आणि शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा काळ तो हाच. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५०,००० च्या आसपास गेला. युद्ध संपल्याची बातमी आली आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याच्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. ज्या टंचाईने अर्लांजे रोखे खपवले, तिनेच मुंबईचे हे शेअरही चढवले होते.

दुसरा संबंध जहाजाचाच आहे. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ ही दोन बुरूजधारी चिलखती जहाजे लंडनमध्ये बांधून १८७० च्या सुमारास इथे आणली गेली. त्यांचा ठेंगणा, पाण्यालगतचा डेक आणि फिरते बुरूज यांत ‘मॉनिटर’चा वारसा उघड दिसतो, आणि या प्रकाराला इंग्रजीत नावही तेच पडले. दोघींचीही सारी सेवा मुंबई बंदरातच गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विकल्या गेल्या.

यांपैकी काही आज पाहता येते का?

‘मॉनिटर’ ३१ डिसेंबर १८६२ ला केप हॅटरसजवळ वादळात बुडाले. त्याचा बुरूज २००२ मध्ये वर काढण्यात आला आणि व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये तो जतन केला जात आहे. ईड्सच्या सात जहाजांपैकी ‘कैरो’ डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने बुडाले होते. १९६० च्या दशकात ते गाळातून काढले आणि आता ते व्हिक्सबर्गच्या राष्ट्रीय उद्यानात उभे आहे. ‘मॅग्डाला’ पाहता येत नाही, पण तिच्याच वर्गातील ‘सर्बेरस’ हे जहाज मेलबर्नजवळ हाफ मून बे येथे लाटा अडवण्यासाठी बुडवून ठेवले होते आणि त्याचा गंजलेला सांगाडा किनाऱ्यावरून दिसतो.